रविवारची फीस्ट बुडवून

आपल्या मेसमध्ये रविवारी दुपारी फीस्ट असते आणि रात्री मेस बंद असते, हे होस्टेलवाल्यांना सांगायची गरज नाही. आठवडाभर त्याच पिवळ्या आमटीकडे बघत दिवस काढायचे आणि रविवारी मसालेभात, पनीर, गुलाबजाम. ही फीस्ट मी गेलं दीड वर्ष महिन्यातून दोनदा बुडवतोय. माझ्या वाटचे गुलाबजाम कोण खातं ते मला माहीत आहे. त्याचं नाव लिहीत नाही, पण त्याचं वजन वाढलंय.

हाच माझा रूम पार्टनर. मी पहाटे अंधारात बूट शोधत असतो तेव्हा हा पांघरुणातूनच विचारतो, "तुला काय मिळतं रे तिथे?" पहिल्या वेळी मी म्हणालो, "समाधान." तो इतका हसला की शेजारच्या रूममधून भिंतीवर थापा पडल्या. खरं सांगायचं तर मलाही ते उत्तर खोटंच वाटलं होतं. तेव्हापासून नीट उत्तर शोधतोय, ते सापडलं तेवढं इथे लिहितो.

संपादक मंडळाने मला 'अनुभव' लिही असं सांगितलं होतं. पण आपल्या मराठी विभागात शिबिराचा अनुभव दरवर्षी छापून येतो. निसर्गरम्य गाव, श्रमदान, शेकोटी, निरोपाच्या वेळी भरून आलेले डोळे. मीही फर्स्ट इयरला असाच एक लेख लिहिला होता, सुदैवाने तो छापला गेला नाही. म्हणून या वेळी अनुभवापेक्षा मत लिहितोय. पटलं नाही तर मेसमध्ये भेटा. (रविवार सोडून.)

आम्ही जातो ते भोर आणि वेल्हे तालुक्यांच्या हद्दीवरच्या एका छोट्या क्लिनिकमध्ये. एक संस्था ते चालवते, नाव लिहू नकोस असं तिथल्या मॅडमनीच बजावलंय. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, एक डॉक्टरीणबाई, एक सिस्टर, आणि जमेल तेव्हा वाडीवरच्या आशाताई. (वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय शासनाने २०२४ मध्ये घेतला. पडवीत बसलेले लोक अजून वेल्हंच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितो.) सातारा हायवेने चेलाडी फाट्यापर्यंत जायचं आणि नसरापूरकडे आत वळायचं. हा रस्ता आपल्यापैकी निम्म्यांच्या ओळखीचा आहे. राजगड आणि तोरण्याला आपण याच रस्त्याने जातो. मी स्वतः तीनदा गेलो होतो. वाटेतली मिसळ कुठे चांगली मिळते ते पाठ होतं, पण रस्त्यात आरोग्य केंद्राची एकही पाटी पाहिल्याचं आठवत नव्हतं. पाट्या होत्याच. मी गडाकडे बघत होतो.

त्या भागाबद्दल थोडं सांगायला हवं. भोर म्हटलं की आपल्याला राजवाडा आणि सिनेमाची शूटिंग आठवतात. पण भाटघर, नीरा देवघर, पानशेत, गुंजवणी ही सगळी धरणं या दोन तालुक्यांत आहेत. भाटघरचं पाणी नीरेच्या कालव्यांतून पार बारामतीच्या बाजूला जातं. धरणाच्या काठच्या गावांना मात्र पाणी आडवं येतं. समोर हात लांब केला तर लागेल असं वाटणारं गाव, पण जायला सगळा वळसा. पावसाळ्यात वरंधा घाट दरडींमुळे वाहतुकीला वारंवार बंद ठेवतात. डोंगरात धनगरवाडे, कातकरी वाड्या. शासनाचा नियम वाईट नाही. सपाटीला ५००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर डोंगरी आणि आदिवासी भागात ३००० आणि २०,००० मागे. म्हणजे कागद करणाऱ्याने डोंगर लक्षात घेतला होता. पण नियम डोकी मोजतो. गुडघे दुखणाऱ्या आजीला उपकेंद्रापर्यंत किती उतार उतरावा लागतो आणि परत किती चढावा लागतो, ते कुठल्या कोष्टकात येत नाही. एसटीचं टाइमटेबल हा आरोग्याचा विषय आहे, हे मला तिथे कळलं. अकराची गाडी चुकली की त्या दिवशी डॉक्टर नाही, आणि दोनची चुकली की घरी परत जाणं नाही. म्हणून साडेबारानंतर पडवीतली माणसं नंबर सोडून उठायला लागतात. आम्ही पहिल्या दिवशी त्यांना समजावत होतो, "मावशी, पाचच मिनिटं थांबा, तुमचाच नंबर आहे." पाच मिनिटांची किंमत त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होती.

आमचं तिथलं काम ऐकून तुमची निराशा होईल. केसपेपर शोधून द्यायचे. वजन-उंची घ्यायची. नंबर पुकारायचे. पंप सुरू करायचा. पहिले दोन महिने मी एवढंच केलं आणि मनातून वैतागलो होतो. इंजिनिअरिंगच्या मुलाला काहीतरी 'भारी' काम मिळायला हवं अशी माझी समजूत होती. एकदा मॅडमना म्हणालोही, आम्ही तुमच्यासाठी अ‍ॅप बनवतो. त्या म्हणाल्या, "बनव की." तीन जणांनी मिळून दिवाळीच्या सुट्टीत अ‍ॅप बनवलं. पहिल्या रविवारी रेंज नव्हती. दुसऱ्या रविवारी रेंज होती, वीज नव्हती. तिसऱ्या रविवारी दोन्ही होतं, पण पडवीत चाळीस माणसं होती आणि सिस्टर वहीत एक ओळ लिहून मोकळ्या होत, तोपर्यंत मी दुसऱ्या स्क्रीनवर जन्मतारीख विचारत होतो. सत्तरीच्या माणसाला जन्मतारीख! सिस्टरांच्या वहीत ज्याच्या गोळ्या संपत आल्यात त्याच्या पानाचा कोपरा दुमडलेला असतो. वही उभी धरली की कोण राहिलंय ते दिसतं. आमच्या अ‍ॅपमध्ये त्यासाठी चार क्लिक होते. असो. ते अ‍ॅप आता माझ्या लॅपटॉपवर विश्रांती घेतंय.

मग इंजिनिअरचा तिथे उपयोग काय? एकदा झाला, आणि तो फर्स्ट इयरच्या फिजिक्स प्रॅक्टिकलमुळे झाला. व्हर्निअर घेतला की आधी झीरो एरर बघायची, हे सरांनी आपल्या डोक्यात ठोकून बसवलेलं असतं. तिसऱ्या महिन्यात मला बीपी घ्यायला शिकवलं. गर्दी असली की कपाटातलं दुसरं, घड्याळासारख्या डायलचं मशीन काढायचे. एकदा पट्टा सोडल्यावर सहज लक्ष गेलं. हवा पूर्ण गेलेली, आणि सुई शून्यावर यायच्या ऐवजी १० च्या जवळ थांबलेली. मी दोनदा तीनदा करून बघितलं. मग मॅडमना सांगितलं. मला वाटलं, त्या म्हणतील अरे वा. त्यांनी तपासणी थांबवली, सिस्टरांना वही आणायला सांगितली आणि त्या मशीनवर कुणाकुणाचं बीपी घेतलं ते आधी काढायला लावलं. नशिबाने कुणाच्या गोळ्या त्या आकड्यावरून सुरू झाल्या नव्हत्या. एका मापावर औषध सुरू करायचं नाही, माणसाला पाच मिनिटं बसवून स्वतः पुन्हा मोजायचं, हा मॅडमचा नियम. पण तिघांना "जरा जास्त आहे हं" असं सांगितलं गेलं होतं, आणि त्यातल्या एका काकांनी तेव्हापासून मीठ पूर्ण सोडलं होतं. काकूंनी मला नंतर चांगलंच सुनावलं.

यात माझी फार हुशारी होती असं नाही. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मापन चुकलं तर काय होतं. लॅबमध्ये रीडिंग चुकलं की आपण पार्टनरच्या जर्नलमधून उतरवतो. इथे रीडिंगच्या पलीकडे माणूस बसलेला असतो आणि तो आपल्या शब्दावर मीठ सोडतो. त्यानंतर मी पट्ट्याचं मापही बघायला लागलो. बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला की बीपी कमी दाखवतं, जाड दंडाला लहान बांधला की जास्त. शिवाय डोंगर चढून आलेल्या माणसाला लगेच पट्टा बांधायचा नाही, बोलतं ठेवायचं नाही, पाय टेकवून, पाठ टेकवून बसवायचं. एवढ्या साध्या गोष्टी. मेट्रॉलॉजी हा विषय मला नंतरच्या सेमिस्टरला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा मी पुस्तक परीक्षेच्या आधी उघडलं.

'साधी गोष्ट' या शब्दावर थोडं थांबतो, कारण आपण इंजिनिअरिंगवाले साध्या गोष्टीला कमी लेखतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ च्या सुमारास 'सर्च'चं काम सुरू केलं. तिथे लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती ते मोजावं लागतं. गावातल्या ज्या बाया-माणसांनी हे करायचं, त्यांना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं. मग त्यांनी एक साधन केलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी मण्यांची एक ओळ, त्यापेक्षा मोठ्यासाठी दुसरी. वाळू संपायच्या आत शेवटच्या लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया समजायचा. आपल्या फायनल इयरच्या प्रोजेक्ट प्रदर्शनात कुणी हे मांडलं तर पहिला प्रश्न येईल, "यात सेन्सर कुठला वापरलाय?" बंगांनी आधी मोजणाऱ्याला दहापर्यंत येतं हे ओळखलं आणि तिथून डिझाइन केलं. आम्ही अ‍ॅप करताना हेच केलं नव्हतं.

दुसरं उदाहरण तर आमच्या क्लिनिकपासून घाट उतरला की आहे. वरंध्याच्या खाली महाड तालुका. तिथल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने माणसं मरत होती. त्यांनी रात्र-रात्र रुग्णाजवळ बसून नाडी, बीपी, घाम, श्वास यांच्या नोंदी केल्या. त्या नोंदींतून मरण हृदयावर आणि फुप्फुसावर येणाऱ्या ताणामुळे येतं हे स्पष्ट झालं, आणि प्राझोसिन हे बीपीचं स्वस्त औषध त्यावर चालतं हे त्यांनी दाखवलं. गंभीर रुग्णांत शंभरात तीस-चाळीस जण दगावायचे, ते प्रमाण एक-दोनवर आलं. त्यांचे निबंध 'लॅन्सेट'मध्ये छापून आले, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. मॅडम हे सांगत होत्या तेव्हा त्यांचा भर औषधावर नव्हता, वहीवर होता. "नोंद ठेव. काय झालं ते लिही, तुला काय वाटलं ते नंतर."

पावसाळ्याच्या तोंडावर मॅडमनी आम्हाला सर्पदंशाचा एक पाठ दिला. घोणस किंवा फुरसं चावलं की रक्त गोठायचं थांबतं. ते ओळखायला काचेची स्वच्छ, कोरडी नळी घ्यायची, त्यात २ मिली रक्त, आणि २० मिनिटं अजिबात हलवायची नाही. मग तिरपी करायची. पातळ वाहिलं तर विष रक्तात आहे. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही, कारण काचेच्या पृष्ठभागामुळे गोठायला सुरुवात होते. मण्यार मात्र या चाचणीत सापडत नाही. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, खूण दिसत नाही, दुखतही नाही, सकाळी पोटात दुखतं आणि पापण्या जड होतात. मी लातूर जिल्ह्यातला. आमच्या शेतावर वडील राखणीला जमिनीवरच झोपायचे. त्या रात्री मी घरी फोन केला आणि सांगितलं की बाज घ्या, मच्छरदाणी खोचून घ्या, आणि काही चावलंच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं काही करायचं नाही, हात-पाय हलू न देता सरळ सरकारी दवाखाना. वडील म्हणाले, "तुला तिथं इंजिनिअरिंग शिकवायलेत का हे?" बाज मात्र घेतली.

आता ज्यामुळे मला हा लेख लिहावासा वाटला, त्या गोष्टीकडे येतो. ती मला शोभणारी नाही.

क्लिनिकला एक आजी येतात. (दोन-तीन बारकावे मुद्दाम बदललेत.) बीपीच्या गोळ्या महिन्याच्या देतो, आणि त्यांचं बीपी काही केल्या उतरत नव्हतं. एकदा सिस्टरांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं की आजी गोळी मोडून अर्धी स्वतः खातात आणि अर्धी म्हाताऱ्याला देतात. म्हाताऱ्याला पण 'चक्कर येती' म्हणून. त्यांनी ते ज्या ठसक्यात सांगितलं त्याने आम्हाला हसू आवरेना. त्या संध्याकाळी परत आलो. सोमवारी रात्री मेसमध्ये आमचं टेबल भरलेलं होतं आणि मी तो किस्सा सांगितला. नुसता सांगितला नाही, आवाज काढून, पदर खोचायची नक्कल करून सांगितला. "एका गोळीत दोघांचा संसार!" टेबल खाली पडेल इतकं हसलं.

मेसचे एक मामा आमटी वाढत होते. ते वाढायचे थांबले. मला वाटलं तेही हसतील. ते हळू आवाजात म्हणाले, "दादा, ती माझी चुलती हाय." आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

आपल्या मेसमध्ये, पुण्यातल्या कितीतरी हॉटेलांत आणि बांधकामांवर भोर-वेल्ह्याकडची माणसं काम करतात, हे मला माहीत होतं. पण मी ज्यांची नक्कल करतोय ते आणि मला आमटी वाढणारे हे एकाच घरातले असू शकतात, हे डोक्यात आलं नव्हतं. मी रात्री किचनमध्ये जाऊन माफी मागितली. मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." पण एक वाक्य बोलले. "चुलत्याला डोंगार उतरवत न्हाई म्हणून ती अर्धी देती. तुमी त्याला का बघत न्हाई?"

पुढच्या दोन वेळा आजी आल्या नाहीत. घरी फोनवर विषय निघाला होता आणि 'पोरं हसत्यात' एवढं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. सिस्टरांनी पानाचा कोपरा दुमडला आणि मला विचारलं, काय झालं. मी सांगितलं. मॅडम रागावतील असं वाटलं होतं, त्या रागावल्या नाहीत. त्यांनी नंबर पुकारायचं काम दुसऱ्याला दिलं आणि मला म्हणाल्या, "मशीन घे, आशाताई वाट दाखवतील. आणि आधी सुई बघ."

पाऊण तास चढ होता. घरी आजी होत्या, म्हातारबाबा ओट्यावर बसलेले. काय बोलायचं ते मी वाटेत तीनदा पाठ केलं होतं. आजींनी बोलूच दिलं नाही. गुळाचा काळा चहा पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "माझं ऱ्हाऊ दे, आधी त्यांला बांध." पाच मिनिटं बसवून बीपी घेतलं. वरचा आकडा १९० च्या पुढे होता. दुसऱ्या हातावर घेतलं, तेवढाच. आशाताईंनी तिथूनच मॅडमना फोन लावायचा प्रयत्न केला, रेंज मिळायला घराच्या मागच्या टेकाडावर जावं लागलं. त्यांचं औषध आता वेगळं सुरू आहे आणि आजींची गोळी पूर्ण पोटात जाते.

म्हणजे शेवट बरा झाला. कुणी म्हणेल की तू किस्सा सांगितलास म्हणूनच ते कळलं ना? नाही. ते एक साधा प्रश्न विचारला असता तरी कळलं असतं, "आजी, अर्धी कुणाला देता, ते का येत नाहीत?" हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता, कारण आम्ही हसत होतो. दोन रविवार आजी औषधाविना राहिल्या ते माझ्यामुळे. लेख लिहिण्याआधी मी मामांना विचारलं. त्यांनी चुलतीला विचारलं. नाव आणि गाव घालायचं नाही एवढ्या अटीवर त्या हो म्हणाल्या.

तेव्हा रूम पार्टनरच्या प्रश्नाचं माझं उत्तर काहीसं असं आहे. तिथे मला समाधान वगैरे मिळालं ते कमी आणि अधूनमधून. मला मिळाली ती आपण कुठे कुठे चुकतो याची बऱ्यापैकी लांब यादी. आणि चुकल्यावर तिथेच परत जाऊन ती निस्तरायची संधी. कॉलेजात आपण चुकलो की केटी लागते, पेपर परत देतो आणि विषय संपतो, ज्याचं नुकसान झालं असा माणूस समोर नसतो.

हे फक्त परत परत गेल्यानेच होतं, आणि इथे माझं आपल्या कॉलेजशी आणि एकूणच पद्धतीशी भांडण आहे. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि सात दिवसांचं एक निवासी शिबिर, ही तिची चौकट. चौकट चांगली आहे. पण आपल्याकडे या २४० तासांचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. बॅनर, रॅली, व्याख्यानाला हॉल भरायला पोरं, आणि मार्चमध्ये डायरी पूर्ण करायची धावपळ. आता तर कम्युनिटी एंगेजमेंटला क्रेडिट्सही मिळतात, म्हणून 'एक दिवसाचं आरोग्य शिबिर' हा प्रकार वाढलाय. सकाळी बस जाते, दोनशे जणांचं बीपी आणि साखर तपासतात, फोटो, जेवण, संध्याकाळी परत. ज्यांचं बीपी जास्त निघालं त्यांचं पुढे काय? पुढच्या महिन्यात कोण जातं? आमच्या पडवीत अशा शिबिराची चिठ्ठी घेऊन माणसं येतात. चिठ्ठीवर आकडा असतो आणि 'डॉक्टरांना दाखवा' असं लिहिलेलं असतं. तीच तर त्यांची अडचण असते.

माझे काही मित्र म्हणतात, क्रेडिट आलं की सेवा संपली. मला हे पटत नाही. मी स्वतः सर्टिफिकेटसाठीच गेलो होतो, हे कबूल करायला मला लाज नाही. क्रेडिट खुशाल द्या. पण एका ठिकाणी वर्षभर गेला त्याला द्या, आणि ते तिथल्या सिस्टरांच्या सहीवर द्या, आपल्या को-ऑर्डिनेटरच्या नाही. एक दिवसाच्या शिबिराला शून्य द्या. तसं केलं तर संख्या घटेल, वार्षिक अहवालात आकडा लहान दिसेल. दिसू दे.

दुसरा आक्षेप सरांचा आणि घरच्यांचा, अभ्यासाचं काय. माझा सीजीपीए या दीड वर्षात ना वाढला ना कमी झाला, त्यामुळे मी कुठल्याच बाजूचा पुरावा नाही. महिन्यातले दोन रविवार मी आधी कसे घालवायचो ते होस्टेलला माहीत आहे. प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूत एकाने रेझ्युमेमधली ती ओळ वाचून विचारलं, "तिथे तुम्ही काय बदल घडवलात?" मी म्हणालो, एक मशीन दुरुस्तीला पाठवलं आणि वहीत एक कॉलम वाढवला. त्याला काही ते फार भावलं नाही. नोकरी दुसरीकडे लागली.

तिसरा आक्षेप मात्र मला स्वतःला छळतो. आम्ही गेलो नाही तर क्लिनिक बंद पडणार आहे का? नाही. आशाताई, सिस्टर, मॅडम आमच्या आधी होत्या, नंतरही असतील. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जे काम उभं केलं ते गावातल्याच, कितीतरी निरक्षर, बायांच्या जिवावर. शहरातून सुट्टीला येणाऱ्या पोरांच्या जिवावर ते उभं राहिलं नाही. वेल्ह्यातही ज्ञान प्रबोधिनीचं बचत गटांचं काम गावातल्या बायकाच चालवतात. मग आम्ही तिथे घेतोच जास्त आणि देतो कमी, हे खरं आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच करता येतं की घेताय हे माहीत असू द्यावं, पडवीत खुर्ची अडवू नये आणि फोटो काढू नयेत.

वाढवलेला कॉलम म्हणजे वहीत प्रत्येक जुन्या पेशंटच्या नावापुढे 'घरी आणखी कोण' असं लिहायचं. सुचवला मी, पण त्याला मथळा सिस्टरांनी दिला. मी 'कुटुंबातील इतर संभाव्य रुग्ण' असं लिहिलं होतं, त्यांनी ते खोडलं.

आम्ही तिघं मे महिन्यात पास आउट होतोय, ओरल्स नीट झाल्या तर. जागा रिकाम्या होतील. दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सकाळी सहाला मेन गेटवरून निघतो, संध्याकाळी सहापर्यंत परत. पावसाळ्यात परत यायची खात्री नाही. एसटीचे पैसे आपले, डबा आपला. कुठल्याही ब्रँचचे चालतील, मुली आल्या तर फार बरं, कारण पडवीत निम्म्याहून जास्त बायका असतात आणि बऱ्याच गोष्टी त्या आमच्यासमोर बोलत नाहीत. कमीत कमी एक वर्ष येणार असाल तरच नाव द्या. औषध कुणाला सुचवायचं नाही, इंजेक्शनच्या ट्रेला हात लावायचा नाही. तिथलं ऐकलेलं इथे बोलायचं नाही, मेसमध्ये तर नाहीच. आणि तो शेवटचा कॉलम रिकामा सोडू नका, सिस्टर ओरडतात.